छताचा दिवा आणि बटनाची तार

भिंतीवरच्या दिव्याने खोलीची एक बाजू उजळते आणि वाचायला बसणाऱ्याच्या पुस्तकावर त्याची स्वतःचीच सावली पडते. म्हणून छताच्या मधोमध एक दिवा असावा, अशी इच्छा बहुतेक घरांत केव्हा तरी निर्माण होतेच. घर बांधतानाच ती झाली, तर स्लॅब ओतण्यापूर्वी नळ्या टाकून ठेवता येतात. राहत्या खोलीत मात्र तारेला वाट शोधावी लागते.

ही वाट बटनाच्या पाटीपासून भिंतीतून सरळ उभी वर जावी. तिरपी खाच पाडली तर हात-दोन हात तार वाचते खरी. परंतु पुढे कोणी तसबिरीसाठी खिळा ठोकू लागला, तर त्याला आतल्या तारेचा अंदाज कसा यावा? बटनाच्या बरोबर वर तार असणार, एवढे तर्काने कळते. तिरप्या तारेविषयी तर्क चालत नाही. स्लॅबला तर खाच पाडूच नये. खोलीच्या मध्यभागी तिच्या सळ्या खालच्याच अंगाला असतात आणि त्यांखालचे काँक्रीट जेमतेम पाऊण इंच जाडीचे. तेथे प्लास्टिकच्या पट्टीतून तार न्यावी. जुन्या वाड्यांत तुळईच्या कडेने लाकडी पट्टीतून गेलेल्या तारा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही पट्टी डोळ्यांत खुपण्याचे कारण नाही.

दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. दिवा जड असेल, तर त्याचा भार पंख्यासारखा आकड्यावर घ्यावा. तारेवर कदापि टाकू नये.

खरी मेख पुढेच आहे. दिव्याकडे जाणाऱ्या दोन तारांपैकी फेजच्या तारेत जमिनीच्या मानाने सुमारे 230 व्होल्टचा दाब असतो. न्यूट्रलमध्ये तो जवळजवळ नसतो. बटन यांपैकी कोणत्याही तारेत बसवले, तरी दिवा लागतो आणि विझतोही. त्यामुळे चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. बटन न्यूट्रलमध्ये असेल, तर दिवा विझल्यावरही वरचा होल्डर जिवंत राहतो. पुढे दिवा बदलण्यासाठी कोणी स्टुलावर चढतो, बटन बंद आहे म्हणून निर्धास्त असतो, आणि बोट आत लागते. झटक्याने प्राण गेले नाहीत, तरी तोल जातो. एल.ई.डी. दिवा विझवल्यावरही मंद मिणमिणत राहिला, तर या चुकीची शंका अवश्य घ्यावी. त्याची कारणे इतरही असतात, पण तपासणी करावीच.

रंगांवर विसंबू नये. तांबडी फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची, ही आपल्याकडची जुनी रूढ खूण. परंतु हाताला आली ती तार ओढून काम उरकल्याची उदाहरणे घरोघरी सापडतील! अनेक जुन्या खोल्यांत तर दिव्यापर्यंत दोनच तारा पोचलेल्या असतात. दिव्याचा सांगाडा धातूचा असेल, तर तिसरी, हिरवी तार नव्याने न्यावीच लागते. 30 मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारा आर.सी.सी.बी. घरात असणे हिताचे. पण त्याच्या भरवशावर तारांची अदलाबदल खपवून घेऊ नये.

हे काम परवानाधारक वायरमननेच करावे, तेही मेन बंद करून. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून तो चालतो याची खात्री करावी आणि मगच तारांना लावावा. काम संपल्यावर आपण खाली उभे राहावे. मेन चालू, नव्या दिव्याचे बटन बंद, होल्डर रिकामा. आता वायरमनला होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावायला सांगावे. कोणत्याही टोकावर तो पेटला, तर पैसे देण्यापूर्वी बटनाची पाटी पुन्हा उघडायला लावावी.