संगणकीय फाईलींच्या वापराचे विश्लेषण व साठवणुकीची कार्यक्षमता

प्रस्तावना
डहाणू व तलासरी हे पालघर जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुके होत. येथील महाविद्यालयीन कार्यालयांत प्रवेश व शिष्यवृत्तीच्या काळात जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, गुणपत्रिका अशा स्कॅन केलेल्या असंख्य लहान फाईली साठतात. संगणक मंदावला की नवीन यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव पुढे येतो. निधी मर्यादित असताना खरेदीपूर्वी फाईलींचा वापर मोजावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वसंशोधन
१९८५ साली बर्कली येथे जॉन ऑस्टरहाउट व सहकाऱ्यांनी युनिक्स प्रणालीवरील फाईल-व्यवहारांच्या नोंदी तपासल्या. बहुतेक फाईली लहान असतात, अल्पकाळ उघडल्या जातात व सलग वाचल्या जातात, असे त्यांना आढळले. ४ मेगाबाइट कॅशे ठेवल्यास डिस्कवरील ६५ ते ९० टक्के फेऱ्या वाचतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवरील २००० ते २००४ या काळातील पाहणीतही फाईलीच्या आकाराचे मध्यक मूल्य सुमारे ४ किलोबाइटच राहिले.

मंदपणाचे गणित
मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सरासरी प्रतीक्षा ४.२ मिलिसेकंद. शीर्ष जागेवर नेण्यास सुमारे ९ मिलिसेकंद धरल्यास प्रत्येक फाईल गाठण्यातच १३ मिलिसेकंद जातात. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने २०० किलोबाइटचा दाखला वाचण्यास मात्र २ मिलिसेकंद पुरतात. असे १००० विखुरलेले दाखले वाचण्यास किमान १५ सेकंद, तर तीच माहिती एका सलग फाईलीत असल्यास सुमारे २ सेकंद लागतील. वेळ वाचनात नव्हे, शोधाशोधीत जातो.

उपाययोजना
प्रथम प्रत्येक फोल्डरमधील फाईलींची संख्या, आकार व शेवटच्या बदलाची तारीख नोंदवावी. यासाठी दाखला उघडावा लागत नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांची गोपनीयता अबाधित राहते. ‘शेवटचा वापर’ या तारखेवर मात्र विसंबू नये, कारण अनेक प्रणाली वेग राखण्यासाठी ती नेहमी अद्ययावत करीत नाहीत. मागील वर्षांच्या फाईली वर्षनिहाय एकत्र बांधून त्यांच्या दोन प्रती स्वतंत्र ठिकाणी ठेवाव्यात. चालू वर्षाच्या फाईली एसएसडीवर ठेवाव्यात. तिच्यात फिरते भाग नसल्याने शोधाचा विलंब अत्यल्प असतो. स्मृती वाढविल्यास कॅशेलाही जागा मिळते.

समारोप
मोजणीअंती दोष डिस्कचा नसून इंटरनेट जोडणीचा आहे, असेही आढळू शकेल. तसे झाल्यास एक अनावश्यक खरेदी टळेल. मुदतीच्या अखेरच्या दिवशी एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला वेळेत सापडला नाही, तर त्याचे वर्षभराचे साहाय्य धोक्यात येते. म्हणून साठवणुकीची व्यवस्था हा केवळ तांत्रिक विषय न मानता प्राध्यापकवर्गानेही त्यात लक्ष घालणे आवश्यक आहे.