ताम्रपटातलं बंदर : खारेपाटण

मुंबईहून गोव्याकडे जाताना सिंधुदुर्गाच्या वेशीवरच शुक नदीकाठी खारेपाटण लागतं. प्रवाशांच्या लेखी चहापाण्याचं गाव. पण ते समजून घ्यायचं तर महामार्गाकडे पाठ करून नदीकडे तोंड करावं. शुक पुढे वाघोटनच्या खाडीला मिळते आणि ती खाडी विजयदुर्गाशी समुद्राला. भरतीच्या पाण्यावर पडाव-मचवे पार इथवर चढायचे. इथे उतरलेला माल घाटावर जायचा आणि घाटावरचा इथून समुद्राला लागायचा. बाजारपेठ नदीला खेटून वसली ती या ये-जा करणाऱ्या मालासाठी. पावसाळ्यात नदी फुगली की आजही पुराचं पाणी दुकानांत शिरतं.

या बंदराचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट. तांब्याचे तीन पत्रे, भाषा संस्कृत, दाता दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज. अव्वेश्वराच्या देवळासाठी त्याने तीन गावं दिली. माळी, कुंभार, तेली, परीट यांची कुटुंबं नेमून दिली. मला मात्र जकातीचं कलम मोलाचं वाटतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण आणि कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचं एक धरण (ही तेव्हाची नाणी) देवाला. चेमूल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर, इथल्या जहाजांना माफी. देवळाचा दिवाबत्तीचा खर्च जहाजांवर चालावा, इतकी वर्दळ असल्याशिवाय असं कलम कोण कोरून ठेवील? याच लेखात शिलाहारांची राजधानी म्हणून बलिपत्तन येतं. ते खारेपाटणच, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचं मत.

पुढचा काळ भरभर सरतो. १७१३ च्या तहात खारेपाटण कान्होजी आंग्र्यांकडे गेलं, नंतर पेशव्यांकडे, १८१८ मध्ये इंग्रजांकडे. हळूहळू पात्र गाळाने भरलं, मोठी गलबतं खालीच थांबू लागली, मालाने रस्ता धरला. बाजारात कर्नाटकातून आलेल्या जैनांची वस्ती मात्र टिकली. त्यांच्या देवळातली काळ्या पाषाणाची मूर्ती नदीच्या पात्रातच सापडल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे.

रट्टराजाचा ताम्रपट पहिल्यांदा वाचून छापला तो बाळशास्त्री जांभेकरांनी, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात. बाळशास्त्री याच मुलखातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्यांच्या वाचनातून राष्ट्रकूट आणि शिलाहार या दोन घराण्यांची वंशावळ अभ्यासकांच्या हाती आली. पुढे जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्नने लेख पुन्हा संपादित केला. दरवर्षी ६ जानेवारीला ‘दर्पण’ वृत्तपत्राचे कर्ते म्हणून बाळशास्त्रींना हार घातले जातात. त्या दिवशी जिल्ह्यातल्या शाळांनी मुलांना खारेपाटणच्या नदीकाठी न्यावं आणि जकातीचं ते कलम मोठ्याने वाचून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.