टांगत्या कुंडीचा हंगाम : बीड जिल्ह्यातील हंगामी फुलझाडांची लागवड आणि विक्री

हंगामी फुलझाड एकाच ऋतूत उगवते, फुलते, बी धरते आणि संपते. जमिनीत लावले तर ते मुळे खोल सोडून ओल शोधते. टांगत्या कुंडीत त्याच्या वाट्याला चार-पाच लिटर माध्यम येते, वारा चारी बाजूंनी लागतो आणि खालून ओल येण्याचा प्रश्नच नसतो. म्हणून बीडसारख्या जिल्ह्यात या धंद्याचा हिशोब पाण्यापासून मांडावा लागतो. दहा इंची कुंडी फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला साधारण लिटरभर पाणी पिते. पाचशे कुंड्यांची नर्सरी म्हणजे रोजचे पाचशे लिटर, आणि त्यात एका दिवसाचाही खाडा चालत नाही.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतच आहे आणि तोही सगळीकडे सारखा पडत नाही. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा पश्चिमेकडचा पट्टा पर्जन्यछायेतला. बालाघाटाच्या पठारावरच्या अंबाजोगाईला पाऊसही बरा आणि रात्रीही थंड. गेवराई-माजलगावला गोदावरी आणि सिंदफणेचा आधार आहे. १९७२चा दुष्काळ जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहे, २०१२-१३ आणि २०१५-१६ची टँकरची वर्षे तर कालपरवाचीच. अशा ठिकाणी शोभेची फुलझाडे हा चोचला वाटेल. पण नर्सरीत एका चौरस मीटरवर जेवढे मोल उभे राहते तेवढे शेतात क्वचितच राहते, आणि लागणारे पाणी मोजून, झारीने देता येते. एकरभर उसाच्या पाण्यात किती कुंड्या निघतील, हा हिशोब जिल्ह्यात फारसा कोणी करत नाही, करायला हवा.

फुलशेती इथे नवी नाही. दसरा-दिवाळीचा झेंडू, शेवंती, गलांडा ही सुट्या फुलांची पिके शेतकऱ्यांच्या हातातली आहेत. कुंडीतल्या फुलझाडांना लागणारे निम्मे कौशल्यही जिल्ह्यात आधीपासून आहे, ते मिरची, टोमॅटो, कोबीची रोपे करणाऱ्या रोपवाटिकांत. प्रोट्रे, कोकोपीट, शेडनेट, रोप कोलमडू न देता पाणी देण्याची सवय, सगळे तिथे मिळते. राज्य सरकारने २०२०-२१मध्ये सुरू केलेली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना भाजीपाल्याच्या रोपांसाठी आहे. पण भाजीच्या रोपांना लागते तेच शेडनेट आणि तेच ट्रे फुलांच्या रोपांनाही लागतात. भाजीच्या रोपांची मागणी ओसरते तेव्हा रिकामे ट्रे फुलांना देता येतात.

कोणती फुले घ्यायची हे हंगामावर ठरते. मेअखेर ते जून या काळात पेरायची ती तेरडा, कोंबडा, गोम्फ्रेना, कॉसमॉस, झिनिया. ही पावसाळी मंडळी सोपी आहेत, पण तेरडा आणि कॉसमॉस उंच वाढतात, म्हणून ती जमिनीवरच्या कुंडीत शोभतात, टांगायला नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरची पेरणी हिवाळ्यासाठी : पिटुनिया, व्हर्बिना, फ्लॉक्स, डायँथस, ॲलिसम, नॅस्टर्शियम, बुटका झेंडू. हाच धंद्याचा मुख्य हंगाम. पॅन्झी आणि लोबेलिया यांची चित्रे कॅटलॉगमध्ये फार देखणी असतात; बीडच्या फेब्रुवारीतल्या दुपारी मात्र ती माना टाकतात. अंबाजोगाईत एखादा महिना जास्त टिकतील, एवढेच. जानेवारी-फेब्रुवारीत पेरायची ती उन्हाळी : ऑफिस टाइम, झिनिया, गोम्फ्रेना आणि सदाफुली.

या सगळ्यांत बीडला खरी साथ देणारी दोन, सदाफुली आणि ऑफिस टाइम. मादागास्करमधून आलेली सदाफुली तशी बहुवर्षायू, पण कुंडीच्या धंद्यात तिला हंगामी म्हणूनच वाढवतात. पसरणाऱ्या संकरित जाती टांगत्या कुंडीतून छान लोंबतात. उन्हाला ती घाबरत नाही आणि शेळी तिला तोंड लावत नाही. बीडमध्ये हा गुण लहान नव्हे. तिचा शत्रू उलटा आहे : पाण्याचा निचरा झाला नाही तर पावसाळ्यात बुडखा कुजतो. दक्षिण अमेरिकेतून आलेले ऑफिस टाइम मांसल पानांत पाणी साठवते, त्यामुळे गिऱ्हाईक दोन दिवस गावाला गेले तरी जगते. काडी खोचली की लागते म्हणून नर्सरीवाले त्याला हलके समजतात. गिऱ्हाईक मात्र त्याच्यासाठी परत येते.

दिवाळीची तारीख या धंद्याला दरवर्षी नव्याने कोडे घालते. पिटुनियाला पेरणीपासून पहिल्या फुलापर्यंत दहा ते बारा आठवडे लागतात. २०२५मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, म्हणजे फुललेली पिटुनिया द्यायची तर जुलैअखेर, भर पावसात पेरणी. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला, तेव्हा उघड्यावरच्या ट्रेंची काय गत झाली असेल हे सांगायला नको. २०२६मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरले तर साधेल. दिवाळी लवकर येईल त्या वर्षी दिवाळीला बुटका झेंडू आणि सदाफुली द्यावी आणि पिटुनिया डिसेंबर ते २६ जानेवारीच्या मागणीसाठी राखावी. बुटका झेंडू आठ-नऊ आठवड्यांत फुलतो.

पिटुनियाच्या बियाण्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मनमोहन अत्तावर यांनी १९६५मध्ये बेंगळुरूत इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्स ही कंपनी काढली, ती संकरित पिटुनियाचे बी अमेरिकेला पाठवण्यापासून. फुलातले पुंकेसर हाताने काढून परागीकरण करण्याचे नाजूक काम इथल्या मजुरांनी केले आणि परदेशातल्या खिडक्या सजल्या. बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे. म्हणूनच ते गोळीच्या रूपात, लेप देऊन विकतात. पेरताना ते ओल्या कोकोपीटवर नुसते टेकवायचे, वर माती टाकायची नाही, कारण उगवायला उजेड लागतो. वरून पाणी घातले तर दाणे वाहून जातात. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून भिजवतात किंवा बारीक फवारा देतात. आठवड्या-दहा दिवसांत मोहरीपेक्षा लहान दोन पाने दिसतात. या दिवसांत माध्यम सतत चिंब राहिले तर मर रोगाने रोपे देठाशी काळी पडून आडवी होतात. संकरित झाडाचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर रंग आणि ठेवण दोन्ही विस्कटतात. ती काटकसर महागात पडते.

कुंडीत काय भरायचे, याबाबत जिल्ह्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेतातली काळी माती. ती ओली असताना हवा कोंडते आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते; मग घातलेले पाणी फटीतून सरळ खाली. शिवाय वजन. पाच लिटरच्या कुंडीत भिजलेली काळी माती आठ किलोच्या पुढे जाते, कोकोपीटचे मिश्रण त्याच्या निम्म्यावर राहते. गच्चीच्या हुकाला आणि गिऱ्हाइकाच्या दुचाकीला हा फरक कळतो. दोन भाग कोकोपीट आणि एक भाग गांडूळ खत हे मिश्रण बहुतेकांना पुरते. साखर कारखान्यांची मळी जिल्ह्यात सहज मिळते, पण ती पूर्ण कुजलेली हवी. ताजी मळी तापते आणि मुळे भाजते. कोकोपीट वापरण्याआधी दोनदा धुऊन क्षार काढावे लागतात.

पाण्यातही मेख आहे. बोअरचे जड, विम्लधर्मी पाणी महिनाभर दिले की पिटुनियाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता आहे, युरियाची नव्हे. माध्यमात लोह असते, पण विम्लता वाढल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. फेरस सल्फेटची सौम्य फवारणी केली की रंग परततो. पावसाचे पाणी टाकीत साठवून निदान रोपावस्थेत वापरले तर हा त्रास उशिरा सुरू होतो.

हिशोब असा बसतो. १०४ कप्प्यांच्या ट्रेमधून ८५ टक्के रोपे धरली तर ८८ हाती येतात. दहा इंची कुंडीत चार रोपे, म्हणजे २२ कुंड्या. त्यांना ११० लिटर मिश्रण. त्यातले दोन तृतीयांश कोकोपीट, म्हणजे पाच किलोची एक वीट, जी भिजून सुमारे सत्तर लिटर होते. रोपे कडेला, किंचित बाहेर झुकवून लावतात. पाच-सहा पाने झाल्यावर शेंडा खुडतात. फुले आठ-दहा दिवस लांबतात म्हणून अनेकजण खुडायचे टाळतात, आणि मग एकेक लांब काडी लोंबत राहते. नंतर आठवड्याला १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरमागे एक-दोन ग्रॅम आणि वाळलेली फुले काढत राहणे एवढेच. मावा, फुलकिडे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लाल कोळी येतात. पाच टक्के निंबोळी अर्क वेळेत फवारला तर बहुधा भागते.

खुडणे, लावणे, ट्रे भरणे ही कामे बायकांच्या हातची, आणि नेमक्या याच महिन्यांत बीडचे हात जिल्ह्याबाहेर असतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलला परततात. हिवाळी फुलांचा बराचसा हंगाम या गैरहजेरीत बसतो. मजुरीवर उभी राहणारी मोठी नर्सरी इथे म्हणूनच अडखळते आणि घरच्या दोन-तीन माणसांची टिकते. उलट बाजूने पाहिले तर, कोयता न उचलता हंगामभर गावातच मिळणारे हे थोडेसे काम आहे. थोडेसेच, त्याने स्थलांतर थांबेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

विक्रीत स्पर्धा आहे ती पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन परिसरातल्या नर्सऱ्यांशी. तिथला माल टेम्पोने येतो, फुललेला आणि टवटवीत, कारण तो शेडनेटमध्ये, भरपूर नत्रावर वाढलेला असतो. बीडच्या उन्हात आठवड्यात तो ढेपाळतो आणि गिऱ्हाईक समजते की आपल्या हाताला झाड लागत नाही. स्थानिक नर्सरीची खरी ताकद इथे आहे. विक्रीआधी दहा दिवस कुंड्या शेडनेटबाहेर काढून पाणी थोडे ताणले की झाड रापते आणि नव्या घरी टिकते.

गिऱ्हाईकही ओळखावे लागते. बीड, अंबाजोगाई, परळीत नव्या वसाहतींचे व्हरांडे आणि गच्च्या आहेत. तिथे एकेक कुंडी जाते आणि भावाची घासाघीस होते. धुळे-सोलापूर महामार्गावरचे ढाबे, पेट्रोल पंप, मंगल कार्यालये, दवाखाने, शाळा एकदम वीस-पंचवीस घेतात. त्यांना कुंड्या विकण्यापेक्षा हंगामभर भाड्याने देणे दोघांनाही परवडते : सुकलेली उचलायची, फुललेली ठेवायची. किंमत ठरवताना बरेच जण रोपाचा खर्च धरतात आणि कुंडी, कोकोपीट, तार, वाहतूक, मेलेली रोपे विसरतात. प्रत्यक्षात रोप हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग असतो. म्हणूनच रिकामी कुंडी परत आणणाऱ्याला पुढच्या वेळी सूट देणाऱ्याचा धंदा बांधला जातो.

मार्चअखेर पिटुनिया संपते. तेव्हा कुंड्या रिकाम्या करून मिश्रण ओले करावे, पारदर्शक प्लॅस्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात चार ते सहा आठवडे तापवावे. मर रोगाची बुरशी आणि तणांचे बी बरेचसे मरते. त्यात ताजे गांडूळ खत मिसळले की तेच माध्यम जूनमध्ये कोंबडा आणि गोम्फ्रेनासाठी पुन्हा वापरता येते. पिटुनियाच्या ट्रेसाठी मात्र कोकोपीट दरवर्षी नवेच घ्यावे.