रहाटगाडगे, पाट्या आणि पावली

रोजच्या त्याच त्या कामाला आपण हल्ली सर्रास ‘रूटीन’ म्हणतो. सवय, सक्ती, कंटाळा, शिस्त सगळं त्या एका शब्दात कोंबलं जातं. मराठीत मात्र यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे आणि ते शब्द अजून जिवंत आहेत.

चाकं आणि बैल

चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडलेला चर. चिखलात उमटलेली चाकोरी उन्हात वाळून टणक होते. पुढची गाडी आपोआप तिच्यातच उतरते. बाहेर काढायची तर बैलांना जोर लावावा लागतो. म्हणून चाकोरीत सोयही आहे आणि अडकणंही. ‘चाकोरीबाहेरचा’ हे कौतुक ठरतं ते त्या जोरामुळे.

रहाटगाडगे विहिरीवरचं. चाकावर गाडग्यांची माळ फिरते. गाडगी रिकामी खाली जातात, भरून वर येतात, पन्हळीत पाणी ओतून पुन्हा खाली जातात. अलिबाग-रेवदंड्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या अशा रहाटांवर शिंपल्या जात. संसाराला रहाटगाडगे म्हणताना थकवा येतो, पण वाडीला पाणी मिळतं हेही त्यात आहेच.

घाण्याच्या बैलाला तेवढंही समाधान नाही. डोळ्यांवर झापडं बांधलेला तो दिवसभर चालतो आणि संध्याकाळी तिथेच असतो.

पाट्या टाकणे

हा शब्दप्रयोग मातीकामावरचा. पाटी भरायची, नेऊन टाकायची, पुन्हा भरायची. भाषेत त्याचा अर्थ मन न घालता काम उरकणे असा झाला. घाण्याचा बैल राबतो, पाट्या टाकणारा वेळ काढतो; दोघांना एकच शब्द लावणं राबणाऱ्यावर अन्याय आहे.

‘ये रे माझ्या मागल्या’ आणि ‘पहिले पाढे पंचावन्न’ यांची जात वेगळी. सुधारण्याची खटपट होऊन गाडी मूळ पदावर आली, तरच ते शोभतात. रोजच्या कंटाळ्याला ते लावू नयेत.

एका ठेक्यावर

तेच ते करणं नेहमी कंटाळवाणंच असतं असं नाही. लेझीम म्हणजे लाकडी दांडा, त्याला साखळी आणि साखळीत धातूच्या चकत्या. चार आवाज, आदिलगाव, पवित्रा, दोरुख असे तिचे हात ठरलेले. शिट्टी वाजली की सगळी रांग एकदम हात बदलते. एकाचा हात अर्धा ठोका मागे पडला तरी खळ्ळकन आवाज फुटतो आणि सगळ्यांना कळतं.

वारीतल्या दिंडीत टाळकरी समोरासमोर रांगा धरतात, मध्ये मृदंग. अभंगाची लय वाढते तशी पावली रंगते: पुढे, मागे, वळून पुन्हा पुढे. पावलं तीच, पण तिला रटाळ म्हणणारा मला भेटलेला नाही. इथे प्रत्येकजण शेजाऱ्याचा टाळ ऐकत पाऊल टाकतो आणि लय चढत जाते. घाण्याला ना शेजारी, ना लय.

री ओढणे, मम म्हणणे

सगळ्यांनी एकाच दिशेला जाणं दरवेळी चांगलं नसतं, हेही भाषेने टिपलं आहे. मुख्य गायकामागे सूर धरणं म्हणजे री ओढणे. पूजेत गुरुजी संकल्प सांगतात, यजमान फक्त ‘मम’ म्हणतो. सभेत विचार न करता होकार देणाऱ्याला हे दोन्ही शब्द चपखल बसतात. नुसती मान डोलावणारा ‘नंदीबैल’ हा शब्द त्याहून कडक.

मुलांच्या निबंधात, बातमीत, पत्रात ‘रूटीन’ लिहिण्याआधी क्षणभर थांबा आणि चाकोरी, रहाटगाडगे, घाणा की पाट्या, ते ठरवून लिहा.