नेढ्यामागची मोकळी जागा

लहानपणी पंचगंगेच्या घाटावर आजोबांच्या गळाला कणकेची गोळी असायची, नाहीतर गांडूळ. नोकरीसाठी मिशिगनला आलो आणि इथल्या नदीवर पहिल्यांदा पाहिलं, की गळाला खाण्यासारखं काहीच नाही. नुसती पिसं, लव आणि दोरा यांची बांधलेली एक माशी. ती पाण्यावर तरंगते, म्हणून तिला ड्राय फ्लाय म्हणतात. बाहेर बर्फ साचलं की मी दिव्याखाली बसून अशा माश्या बांधतो. त्यांतली सगळ्यांत लाडकी ॲडम्स.

ॲडम्स इथलीच. १९२२ साली मेफील्ड गावच्या लेन हॅलाडेने ती बांधली आणि ओहायोहून मासेमारीला येणाऱ्या चार्ल्स ॲडम्स या वकील मित्राला दिली. बोर्डमन नदीवर तिला ट्राउट मासे लागले आणि माशीला मित्राचंच नाव पडलं.

ट्राउटला हवा असतो मेफ्लाय नावाचा किडा. त्याचं बालपण नदीच्या तळाशी जातं. मग तो वर येतो, कात टाकतो आणि पंख उभे धरून थोडा वेळ पाण्यावरच बसतो. तेवढ्यात ट्राउट त्याला टिपतो. ॲडम्स मेफ्लायच्या कुठल्याच एका जातीची हुबेहूब नक्कल नाही. करडी, जराशी तपकिरी, धूसर. माझ्या मते तिचं सगळं बळ या धूसरपणात आहे. खालून माशाला दिसतो तो आकार आणि पाण्याच्या पापुद्र्यावर पायांनी पडलेले खळगे. बाकीचं तो मनाने भरून घेतो.

मी १४ नंबरचा गळ घेतो. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. हा जेमतेम सेंटीमीटरभराचा. तो व्हाइस या शिकंज्यात पकडायचा आणि दांड्यावर दोऱ्याचा पाया घालायचा. आधी पंख: काबऱ्या कोंबड्याच्या मानेवरच्या दोन पिसांची टोकं, उभी, दांड्याइतकी लांब. मग तपकिरी आणि काबऱ्या पिसांच्या काड्या एकत्र करून शेपूट. अंगासाठी मस्करॅट या पाणउंदराची करडी लव. मेण लावलेल्या दोऱ्यावर ती बोटांनी एकाच दिशेने वळायची, समईची वात वळतात तशी. चिमूट घ्यावीशी वाटते. घ्यायची तिच्या चौथाई. लव जास्त झाली की अंग फुगतं, आणि मेफ्लाय तर सडपातळ असतो.

शेवटी हॅकल. एक तपकिरी, एक काबरं, अशी दोन पिसं जोडीने पंखांच्या मागे आणि पुढे गुंडाळायची. भोवऱ्याला जाळी गुंडाळताना वेढ्याला वेढा बसतो, तसंच हेही. काड्या गळाभोवती चहूकडे उभ्या राहतात आणि त्यांच्या टोकांवर माशी तरंगते. त्या ताठ हव्यात. मऊ पीस पाणी पितं. म्हणून इथे पिसांसाठीच खास कोंबडे पाळतात. मी पहिल्यांदा घेतलेली कोंबड्याची मान भारतातून आली होती. दुकानात ते लेबल वाचून मी कितीतरी वेळ ती हातात धरून उभा होतो.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या सगळ्या माश्या एकाच ठिकाणी बिघडल्या. हॅकलचे वेढे घेत घेत मी गळाच्या नेढ्यापर्यंत पोचायचो. मग डोक्याची गाठ मारायला जागा उरायची नाही, आणि नदीवर नेढ्यातून दोरी ओवता यायची नाही. आता आरंभीच नेढ्यामागे थोडा दांडा उघडा सोडतो आणि शेवटपर्यंत तिथे काही चढू देत नाही. त्या रिकाम्या जागेत पाच वेढ्यांची गाठ, दोरा वेढ्यांखालून ओढून घेतलेला, आणि वर व्हार्निशचा एक थेंब.

जूनमध्ये ओ सेबल नदीवर जातो. तिथला तपकिरी ट्राउटही बाहेरून आलेला. १८८४ साली जर्मनीहून आणलेल्या अंड्यांची पिल्लं मिशिगनच्याच पेअर मार्केट नदीत सोडली, तिथून त्याची इथली वस्ती सुरू झाली. सूर्य देवदारांमागे गेला की पाण्यावर छोटी वर्तुळं उमटू लागतात. वर्तुळाच्या हातभर वर माशी सोडायची आणि प्रवाहाबरोबर मोकळी वाहू द्यायची. दोरीने ओढली गेली की मासा ओळखतो. मग पाणी डचमळतं आणि माशी दिसेनाशी होते. मासा ओल्या हातांनी सोडवून परत पाण्यात सोडतो. त्याच्या बारीक दातांनी लव विस्कटलेली असते. रुमालात दाबून माशी टिपतो, दोनदा फुंकर मारतो. काड्या पुन्हा उभ्या राहतात.