भातकापणीनंतरचे सहा महिने : फावल्या वेळचें काम कसें निवडावें

डहाणू व तलासरी या दोन तालुक्यांतील भातशेतकऱ्याच्या वर्षाचा ताळेबंद मांडला, तर एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. मृगापासून भात घरांत येईपर्यंत शेत त्याला क्षणाची उसंत देत नाहीं. आणि दिवाळी सरली कीं पुढले सहा-सात महिने तेंच शेत त्याला फारसें बोलावीत नाहीं. ज्याच्यापाशीं विहिरीचें पाणी आहे तो मिरची, भाजीपाला करतो. ज्याच्यापाशीं तें नाहीं, तो ओलीवर थोडा वाल टाकतो आणि रोख पैसा देणारें काम शोधूं लागतो.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून आयुष्य काढलें. म्हणून आजही पुष्कळ मंडळी दारीं येऊन म्हणतात, "भाऊसाहेब, पावसाळ्यापर्यंत कोठें तरी लावून द्या." कोणास कोठें लावून देण्याचा अधिकार आम्हांस पूर्वींही नव्हता, आतां तर नाहींच. परंतु कागद वाचतां वाचतां जें शिकलों, तें वाचकांपुढें मांडावें असें वाटतें. काम कोठें मिळेल, हा प्रश्न सर्वच विचारतात. तें काम आपणांस सोडील केव्हां, हा प्रश्न मात्र फारच थोडे विचारतात. आणि आमच्या मतें खरा प्रश्न तोच आहे.

एका शेऱ्याची हकीकत

कांहीं वर्षांमागें पीकपाहणीचे नमुने तपासतांना तलासरी भागांतील एका खातेदाराच्या भातखाचरापुढें 'पड' असा शेरा आढळला. जमीन चांगली, पाणी धरणारी. मागील वर्षाचा नमुना काढला, तर त्यांतही 'पड'. चौकशी करितां कळलें तें असें. हा खातेदार व त्याची बायको उचल घेऊन दूरच्या एका वीटभट्टीवर गेलीं होतीं. वैशाख संपला तरी उचल फिटली नव्हती, म्हणून मालकानें त्यांस सोडलें नाहीं. तीं परत आलीं तेव्हां पाऊस लागलेला होता. राब भाजला नव्हता, रोप टाकलें नव्हतें. मग आवणी कशाची करणार? वर्षभराचा तांदूळ दुकानांतून उधार घ्यावा लागला आणि ती उधारी फेडण्यासाठीं पुढील उचल घेतली गेली. दुसऱ्या वर्षींही तोच क्रम.

शेरा खरा होता, म्हणून आम्हीं तो कायम केला. त्याखालीं आमची सही आहे. त्या जोडप्यानें सहा महिने काबाडकष्ट केले, आळस कोठेंच केला नाहीं; आणि तरी कागदावर जमीन पड ती पडच. फावल्या वेळच्या कामानें मूळ धंदाच खाऊन टाकला, असा याचा अर्थ.

उचलीचा हिशेब

उचलीचें काम वाईट कां, हें बोलून पटत नाहीं. आंकडे मांडले म्हणजे पटतें. खालील आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकानें आपले आंकडे घालून पाहावे.

समजा, एका जोडप्यानें ३०,००० रुपये उचल घेतली. भट्टीवर तीं २४ आठवडे राहिलीं. दुखणें, पाऊस, मातीची खोटी वजा जातां १२० दिवस काम झालें. रोज ८०० विटा पाडल्या, म्हणजे ९६,००० विटा झाल्या. हजारीं ८०० रुपये दरानें मजुरी ७६,८०० रुपये होते. आठवड्यास २,००० प्रमाणें खर्ची ४८,००० रुपये. राहिले २८,८००. त्यांतून उचल ३०,००० वजा केली, तर जोडप्याच्याच नांवावर १,२०० रुपये बाकी निघते. सहा महिने राबून माणूस कर्जदार होऊन घरीं येतो, तो असा.

आतां दुसरा भागाकार करावा. ७६,८०० रुपये दोन माणसांच्या १२० दिवसांचे. म्हणजे माणशीं रोज ३२० रुपये. बारा वर्षांचा मुलगाही विटा वाहात असेल, तर तिघांवर भागावें. रोज २१३ रुपये पडतात, आणि मुलाची शाळा बुडते ती वेगळीच. हातांत एकदम पडलेले ३०,००० मोठे दिसतात, म्हणून हा भागाकार कोणी करीत नाहीं. उचल म्हणजे मजुरी नव्हे, कर्ज होय. आणि तें आपल्या पायांनीं फेडावयाचें असल्यामुळें पायच अडकतात.

जुना अनुभव काय सांगतो

हा प्रकार आपल्या भागास नवा नाहीं. लग्नासाठीं सावकाराचे पैसे घेऊन त्याच्या घरीं वर्षानुवर्षें राबणारा 'लग्नगडी' येथील जुन्या माणसांच्या माहितींतला आहे. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतील आदिवासींच्या स्थितीवर दिलेल्या, १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत या गुलामगिरीची नोंद आहे. पुढें २३ मे १९४५ रोजीं त्या वेळच्या उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें हजारों वारली जमले आणि वेठ न करण्याचा निश्चय झाला. त्याच वर्षीं पावसाळ्यानंतर जो मोठा संप झाला, तो गवतकापणीचा होता. मागणी होती पांचशें रतल गवतास अडीच रुपये. त्या ऑक्टोबरांत तलवाडा येथें गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं. गोदावरी परुळेकर यांनीं हा सर्व काळ 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकांत लिहिला आहे.

राजकीय मतें कोणाचीं कांहींही असोत. त्या लढ्याचें एक कारण हंगामी कामाचा दर व त्या कामांतून सुटण्याची मोकळीक हें होतें, ही गोष्ट जमीनधारकांनीं विसरूं नये. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी बंद झाली असून, त्या वेठीचें कर्ज फेडण्याचें बंधनही उरलेलें नाहीं. जुन्या रीतीचें नांव गेलें. वागणूक मात्र उचलीच्या वहींत डोकें वर काढते.

जवळचीं कामें

पहिलें काम वाडीचें. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. चिकूच्या झाडास वर्षाचा बराच काळ फळ असतें. तें झाड हालवून पाडतां येत नाहीं. पक्व फळ ओळखून एकेक उतरवावें लागतें, नंतर आकाराप्रमाणें निवडून भरावें लागतें. यास सराईत हात लागतो, आणि सराईत हातास दर मागतां येतो. मिरचीची तोडणीही अशीच.

दुसरें मोगऱ्याचें. जव्हार-विक्रमगड भागांत कित्येक लहान शेतकऱ्यांनीं थोड्या जागेंत मोगरा लावला आहे. कळी उमलण्यापूर्वीं पहांटे तोडून मुंबईच्या बाजारास पाठवितात. दोन-तीन तासांचें काम. दिवस पुढें मोकळा. ज्यास थोडेंबहुत पाणी आहे, त्यानें याचा विचार करावा. कोसबाड टेकडीवर १९७६ पासून कृषि विज्ञान केंद्र आहे; लागवडीपूर्वीं तेथें विचारावें.

तिसरें सरकारी काम. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमीस आपल्या राज्यानें १९७७ सालीं कायद्याचें रूप दिलें. २००५ च्या केंद्रीय कायद्यानें घरटी वर्षास १०० दिवसांची हमी घातली. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत १२५ दिवस असून, पेरणी-कापणीच्या ऐन हंगामांत साठ दिवसांपर्यंत कामें थांबविण्याची तरतूद आहे. कायदा कोणताही असो, एक नियम ध्यानांत ठेवावा : तोंडी मागितलेलें काम मागितलेलें नव्हे. ग्रामपंचायतींत अर्ज लेखी द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्त्याचा हक्क त्या तारखेपासून मोजला जातो. पोच नसेल तर तारीख नाहीं, तारीख नसेल तर हक्क सिद्ध करतां येत नाहीं.

चौथें कारखान्याचें. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजुक ठरला, त्यामुळें मोठे कारखाने येथें येत नाहींत. फुग्यांसारखे लहान कारखाने आहेत. तलासरीकर उंबरगांव-वापीस जातात. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येऊं लागल्यानें बोईसरला जाऊन रात्रीं घरीं परतणें सोपें झालें. पण कारखाना आषाढांत आवणीसाठीं रजा देत नाहीं. म्हणून घरांतील एकानें तेथें जावें व एकानें शेत धरावें. दोघांनींही जाऊं नये.

होकार देण्यापूर्वीं

कामास हो म्हणण्याआधीं पांच गोष्टी विचाराव्या. दर दिवसाचा कीं कामाचा? पैसे आठवड्यास कीं अखेरीस? हजेरी व खर्ची आपल्याही वहींत लिहून मिळेल काय? आजारपणाचा दिवस कोणाच्या अंगावर? आणि अक्षय तृतीयेनंतर घरीं जातां येईल काय? शेवटच्या प्रश्नास सरळ उत्तर न मिळेल, तर दर कितीही गोड असो, तें काम घेऊं नये. नितांत गरज असल्यास उचल थोडी घ्यावी. चार आठवड्यांच्या कामांत फिटेल त्याहून अधिक नको.

बागाईतदारांस दोन शब्द

आमच्या वाचकांत वाडीवाले पुष्कळ आहेत. मजूर मिळत नाहींत, ही त्यांची तक्रार आम्ही नेहमीं ऐकतों. परंतु ज्यास आज बोलावलें, उद्यां नको म्हटलें, परवां पुन्हां निरोप धाडला, त्या मजुरानें भट्टीची उचल कां घेऊं नये? उचलींत दर कमी असला तरी सहा महिन्यांची निश्चिति असते. माणूस ती निश्चितिच विकत घेतो. दोन-तीन शेजारच्या वाडीवाल्यांनीं मिळून दसऱ्यापूर्वींच दहा-बारा कुटुंबांस सांगावें कीं कार्तिकापासून वैशाखापर्यंत महिन्यास अमुक दिवस काम नक्की देऊं, शनिवारीं पैसे हातांत देऊं, राबाच्या दिवसांत मोकळें सोडूं. यास भांडवल लागत नाहीं. शब्द पाळावा लागतो.

कोसबाड येथें अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावरच शाळा नेली होती, कारण मूल गुरें सोडून येऊं शकत नव्हतें. शेतकऱ्याचेंही तसेंच आहे. तो शेत सोडून फार दूर व फार काळ जाऊं शकत नाहीं. काम त्याच्या जवळ आणणें हें आपणां सर्वांच्या हातीं थोडेंफार आहे.

त्या खातेदाराचें पुढें काय झालें, असें कोणी विचारील. तिसऱ्या वर्षीं त्याच्या एका नातलगानें उचल फेडून त्यास थांबवून घेतलें, आणि जवळच्या एका वाडींत आठवड्यांतून चार दिवसांचें काम लागलें. त्या वर्षींच्या नमुन्यांत खाचरापुढें 'भात' असें लिहून आलें. आम्हीं पुष्कळ नोंदी तपासल्या. इतक्या आनंदानें सही क्वचितच केली असेल.