बारावीनंतरचे तीन महिने: आधी दुसऱ्याचं दुकान, मग आपलं

बारावीचे पेपर मार्चमध्ये संपतात, निकाल मे महिन्यात लागतो (२०२५ चा तर ५ मे लाच लागला) आणि कॉलेज नीट सुरू व्हायला जुलै उजाडतो. म्हणजे तीन महिने मोकळे. या काळात बरीच मुलं मोबाईलवर ‘घरबसल्या इंटर्नशिप’ शोधतात, पैसे भरतात आणि सर्टिफिकेट घेतात. तुम्हाला नोकरी करायची असेल तर तुमचं तुम्ही बघा. पण पुढे धंदा करायचा असेल, तर जो धंदा काढायचाय त्याच धंद्यातल्या एखाद्या चालत्या दुकानात हे तीन महिने काढा.

सरकारी योजना नाहीत का? आहेत. पण या तीन महिन्यांत त्या बसत नाहीत. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली, बारावी पास असलेल्याला महिना ६ हजार. पण वय १८ पूर्ण हवं आणि मुदत सुरुवातीलाच सहा महिन्यांची होती. त्याच वर्षी केंद्राची इंटर्नशिप योजना आली, तेव्हा वयाची अट होती २१ ते २४. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हातात राहतं ते जवळपासचं दुकानच.

समजा, तुम्हाला स्टेशनरीचं दुकान काढायचंय. मग एप्रिल ते जून यापेक्षा चांगला काळ नाही. एप्रिलमध्ये मालक माल बुक करतो. पुण्याकडचे अप्पा बळवंत चौकात जातात, मुंबईकडचे अब्दुल रहमान स्ट्रीटला. मे मध्ये माल येतो, जूनमध्ये शाळा उघडतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा नसते. जूनच्या शेवटी काय उरलं ते फळीवर दिसतं. आख्खा सीझन तुमच्या डोळ्यांसमोर.

आता हिशोब बघा. ४० रुपये छापील किमतीची वही होलसेलमध्ये २८ ला मिळाली आणि तुम्ही ३५ ला विकली. सुटले ७ रुपये. खरेदीवर २५ टक्के, विक्रीवर २० टक्के. मी बीबीए केलंय, तिथे हे एका तासात शिकवतात. पण पुढचं ऐका. हजार वह्या घेतल्या, २८ हजार गेले. आठशे खपल्या, २८ हजार आले. मग नफा कुठेय? वरच्या फळीवर, उरलेल्या दोनशे वह्यांमध्ये. आणि भाडं, लाईट बिल, पोराचा पगार अजून द्यायचाच आहे. गाईडचं तर आणखी अवघड, अभ्यासक्रम बदलला की उरलेला गठ्ठा रद्दीच्या भावाने जातो. म्हणून काउंटरवर उभं राहून विक्री शिकलात की समाधान मानू नका. किती माल घ्यायचा, कुठल्या पार्टीकडून, उधारी किती दिवसांची, न खपलेला माल ती परत घेते का, हे बघायला मालकाच्या मागे लागा. वडिलांचे दोन-चार लाख जातात ते याच ठिकाणी. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून बंद पडलेली दुकानं असतात, पण चुकीची खरेदी करून बसलेली मला जास्त दिसतात.

विचारायचं कसं? ‘इंटर्नशिप’ हा शब्द वापरू नका, काका गोंधळतील. सरळ म्हणा, “काका, बारावीची परीक्षा झालीय. तीन महिने येतो, काम शिकायचंय. पुढे माझं दुकान काढायचा विचार आहे.” शेवटचं वाक्य लपवू नका. उद्या पोरगं समोरच दुकान टाकेल अशी भीती प्रत्येक मालकाला असते, म्हणून आपल्या पेठेतलं दुकान धरूच नका. पलीकडच्या उपनगरात नाहीतर शेजारच्या तालुक्याच्या गावी जा, तिथे लोक मोकळेपणाने सांगतात. आणि फुकट काम करू नका. रक्कम लहान असू दे, पण महिन्याचा आकडा आधी ठरवा. फुकटच्या पोराला दिवसभर चहा आणायला पाठवतात, हे माझं स्पष्ट मत.

तुमचंच छोटं दुकान असेल आणि असा मुलगा किंवा मुलगी शिकायला आली, तर आधी आधार कार्डावरची जन्मतारीख बघा. बारावीतली बरीच मुलं १७ ची असतात. १९८६ चा बाल व किशोर कामगार कायदा २०१६ मध्ये बदलला, त्यात १४ ते १८ वयाच्यांना धोक्याची कामं बंद आहेत. फटाक्यांचा माल किंवा पेट्रोलसारख्या पेट घेणाऱ्या वस्तूंचं काम असेल तर नकोच. साध्या दुकानातसुद्धा सुट्टी धरून दिवसाचे सहाच तास, सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, आठवड्याला एक दिवस सुट्टी. आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही. आता आपल्याकडे खरा धंदा सात ते नऊ मध्येच होतो, मला माहितेय. तरी १७ वर्षांच्या पोराला सातला घरी पाठवायचंच. खरेदीचा, बिलं लावायचा वेळ तसाही दुपारचा असतो आणि शिकण्यासारखं तेव्हाच जास्त असतं.

रोज रात्री घरी पाच मिनिटं वहीत लिहा: आज काय मागितलं आणि दुकानात नव्हतं, उधारी कोणी मागितली, कुठला माल आठवडाभर हललाच नाही. मालकाचे खरेदीचे रेट मात्र फोटो काढून मित्रांना पाठवू नका, त्याने विश्वासाने दाखवलेत.

शेवटच्या दिवशी दुकानाच्या लेटरहेडवर तारखांसह चार ओळी आणि सही-शिक्का मागून घ्या. वयाची १८ पूर्ण झाल्यावर मुद्रा कर्जाला गेलात, अगदी ५० हजारांच्या शिशु गटात, तरी बँकेतले साहेब विचारतात, “या धंद्याचा अनुभव काय?” तेव्हा हा कागद आणि ती वही, दोन्ही टेबलावर ठेवा.